घरात सगळं नीट असताना पुन्हा कसा घसरला?

"मॅडम, कुणी एक शब्द बोललं नाही हो त्याला. कामाला लागला होता, नीट जेवत होता. मग पुन्हा का?" व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला मुलगा पुन्हा व्यसनाकडे वळला की बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो. पाठोपाठ उत्तरही तयार असतं: मित्र वाईट.

या काकूंचा मुलगा पंचविशीतला, गर्दवर (ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉईन) होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) टर्की, म्हणजे गर्द थांबवल्यावर होणारा अंगाचा त्रास, त्यानं दरवेळी सोसली, घसरण व्हायची ती नंतर. मित्रांचा विषय बाजूला ठेवून मी विचारलं, "माल आणायला निघालास, त्याच्या आधीचे दोन-तीन तास सांग."

वर्कशॉपात सुपरवायझर ओरडला होता. याच्यावर नाही, दुसऱ्याच कुणावर. मागच्या खेपेला शेजाऱ्यांचं भांडण. त्याआधी लग्नघरात पिऊन आलेले पाहुणे हमरीतुमरीवर आले होते. "आवाज चढला की हात गार पडतात, कानात नुसतं घूं होतं. ओढलं की शांत." मग हळूहळू निघालं. वडील रात्री पिऊन यायचे, आणि कडी वाजली की हा धाकट्या बहिणीला घेऊन कॉटखाली शिरायचा.

लहानपण असं धास्तीत गेलं की शरीर सतत पहाऱ्यावर राहायला शिकतं. ताणाची रसायनं पटकन उसळतात, ओसरायला वेळ घेतात, आणि ताण हे तलफ उठण्याचं मोठं कारण आहे. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेत सॅन डिएगोत १७ हजारांहून अधिक प्रौढांना बालपणातल्या अशा अनुभवांबद्दल विचारलं होतं. त्या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्याच अभ्यासातून २००३ साली आलेल्या निष्कर्षांत पाच किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत अमली पदार्थांच्या समस्येची शक्यता, असं काहीच न सोसलेल्यांपेक्षा ७ ते १० पट जास्त आढळली. म्हणून मार खाल्लेलं प्रत्येक पोर व्यसनी होतं असं मुळीच नाही. याची बहीण सुपारीलाही शिवत नाही.

"एकदा सगळं बोलून मोकळा होऊ दे," असा घरच्यांचा आग्रह असतो. मला ही घाई धोक्याची वाटते. पाय रोवायच्या आत जखम उघडली तर तलफ आणखी भडकते. आम्ही आधी झोप, जेवण आणि मानसोपचारतज्ज्ञांची औषधं मार्गी लावली. आवाज चढला की तिथून सरळ बाहेर पडायचं, तळपाय जमिनीवर दाबायचे, ठरलेल्या माणसाला फोन लावायचा, हे घोटून घेतलं. कॉटखालच्या रात्रींवर सविस्तर काम सुरू झालं ते बऱ्याच महिन्यांनी.

"म्हणजे माझंच चुकलं?" काकूंनी विचारलं. त्या घरात मार त्यांनीही खाल्ला होता. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून कुणाचंच भलं होणार नव्हतं. एक मात्र सांगावं लागलं: मुलगा उशिरा आला की त्या दारातच "कुठे होतास?" म्हणून ओरडायच्या. रात्र, दार आणि चढलेला आवाज! आता चौकशी सकाळी, चहा झाल्यावर होते.

आणखी एक गोष्ट मी गर्दच्या प्रत्येक घरी बजावते. काही काळ बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, तेव्हा जुन्याच मात्रेनं जीव जाऊ शकतो. श्वास मंदावला, ओठ निळे पडले, हाक मारूनही जाग येत नसेल, तर झोपलाय समजून तसंच सोडू नका. लगेच १०८ ला फोन करा. घसरल्याचं कळलं आणि काय करावं सुचेना, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. तिथे घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.