आधी चूक मोजा, मग बटण दाबा

या महिन्याच्या टपालात संगणकीकृत, म्हणजे ‘गो-टू’ दुर्बिणींबद्दलची पत्रं इतकी आहेत, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. बहुतेकांची तक्रार सारखीच आहे: दुर्बीण सांगितलेल्या ठिकाणी जात नाही. पत्रं थोडी आटोपशीर करून देते आहे.

प्रश्न: पाच इंची गो-टू दुर्बीण घेतली आहे. चंद्र शोधायला सोपा म्हणून त्याच्यावरच अलाइन करतो, म्हणजे तो मध्यावर आणून यंत्राला आकाशाची ओळख करून देतो. चंद्राच्या आसपासचे तारे नीट सापडतात, पण आकाशाच्या दुसऱ्या बाजूचा शनी मागितला की दुर्बीण भलतीकडेच थांबते. यंत्र परत करावं का?

परत करायची घाई करू नका. जवळचं सापडतं आणि लांबचं सापडत नाही, हे तुम्ही अगदी नेमकं टिपलं आहे. मोटरचा किंवा गिअरचा दोष असा वागत नाही, तो जवळच्या ताऱ्यांनाही चुकवतो. हे लक्षण एकाच वस्तूवर केलेल्या अलाइनमेंटचं आहे.

हँड कंट्रोलला, म्हणजे दुर्बीण चालवायच्या बटणांच्या रिमोटला, आकाश दिसत नसतं. त्याच्याकडे असते तुम्ही भरलेली वेळ, तारीख आणि जागा, शिवाय तुम्ही मध्यावर आणून दाखवलेली वस्तू. एकच वस्तू दाखवली, तर उरलेलं सगळं आकाश तो तुमच्या आकड्यांवर विसंबून आणि तिपाई सपाट आहे असं धरून मांडतो. आकडा चुकला की त्याच्या हिशेबातलं आकाश खऱ्या आकाशावर तिरकं बसतं. दाखवलेल्या वस्तूपाशी दोन्ही जुळतात आणि तिथून जितकं लांब जावं तितका फरक वाढत जातो.

म्हणून पुन्हा अलाइन करण्याआधी फरक किती आहे ते मोजा. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश झाकते, मधली तीन बोटं 5 अंश, करंगळी 1 अंश. आकाश तासाला 15 अंश फिरतं, म्हणजे दर 4 मिनिटांना 1 अंश. घड्याळ दोन मिनिटं मागेपुढे असेल तर अर्ध्या अंशाचा प्रश्न, तेवढा आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात) सांभाळता येतो. पण ‘डे-लाइट सेव्हिंग’ची, म्हणजे काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात त्याची, सेटिंग चुकून चालू राहिली, तर हिशेबातलं आकाश सरळ 15 अंश फिरतं. टाइम झोन अर्ध्या तासाने चुकला तर साडेसात अंश. प्रत्यक्ष दिसणारा फरक आकाशाच्या कुठल्या भागात बघता त्यावर कमीजास्त होतो, पण एक-दोन मुठींची चूक दिसली की मी सर्वांत आधी वेळेची पानं उघडते.

चूक त्याहून मोठी असेल, दुर्बीण अगदी भलत्याच दिशेला तोंड करत असेल, तर तारीख बघा. बऱ्याच हँड कंट्रोलना महिना आधी आणि दिवस नंतर लागतो. 3 मे ही तारीख आपल्या सवयीने भरली की यंत्र ती 5 मार्च समजतं. रोज त्याच वेळी पाहिलं तर आकाश दिवसाला जवळजवळ 1 अंश पश्चिमेकडे सरकलेलं असतं. दोन महिन्यांचे झाले 60 अंश!

जागेच्या आकड्यांत दोन गोष्टी तपासा. मोबाइलचा नकाशा अक्षांश-रेखांश दशांशात देतो, हँड कंट्रोल बहुधा अंश आणि मिनिटं मागतो. 20.40 म्हणजे 20 अंश 40 मिनिटं नव्हे, 20 अंश 24 मिनिटं. दशांशाच्या भागाला 60 ने गुणायचं. ही चूक झाली तरी फरक पाव अंशाच्या आसपास राहतो, त्याने रात्र वाया जात नाही. रेखांशापुढे पूर्वऐवजी पश्चिम निवडलं गेलं, तर मात्र काहीच जुळत नाही.

आता चंद्राबद्दल. तो ताऱ्यांच्या तुलनेत तासाला साधारण स्वतःच्या व्यासाइतका सरकतो आणि बिंब मोठं असल्याने त्याचा नेमका मध्य धरणं अवघड जातं. सुरुवातीच्या रात्री नुसता चंद्रच बघायचा असेल तर खुशाल त्याच्यावर अलाइन करा. पण आकाशभर फिरायचं असेल तर दोन ताऱ्यांची पद्धत धरा. दुसरा तारा मिळाला की तिपाईचा तिरपेपणा आणि आकाश किती फिरलं आहे, हे दोन्ही यंत्र स्वतः काढतं. घड्याळाची थोडी चूकही त्यात भरून निघते.

प्रश्न: मी दोन ताऱ्यांनीच अलाइन करते. तरी पुष्कळदा ‘अलाइनमेंट फेल्ड’ येतं. वेळ, तारीख, जागा सगळं तपासून झालं.

तुमच्या बाबतीत वेळ-तारखेवर माझा संशयच नाही. दोन ताऱ्यांमधलं अंतर घड्याळावर अवलंबून नसतं. आज रात्री आठला जेवढं, तेवढंच पहाटे चारला आणि सहा महिन्यांनीही. तुम्ही दोन तारे दाखवले की त्यांच्यात दुर्बीण किती फिरली हे यंत्र मोजतं आणि आपल्या यादीतल्या अंतराशी ताडून बघतं. ते जुळलं नाही की ‘फेल्ड’. म्हणजे एक तर त्यातला एक तारा दुसराच होता, किंवा मधल्या वेळात नळी तिच्या पकडीत घसरली. क्लच आणि नळीची पकड हाताने चाचपून बघा. पण मला शंका पहिल्या कारणाची जास्त आहे.

यादीतली नावं बहुतेक अरबी-ग्रीक वळणाची असतात आणि आपण लहानपणापासून नक्षत्रं ओळखतो ती आपल्या नावांनी. तेव्हा ही जोडी कागदावर लिहून तिपाईला बांधून ठेवा: सिरियस म्हणजे व्याध, कपेला म्हणजे ब्रह्महृदय, अल्डेबरन म्हणजे रोहिणी, रेग्युलस म्हणजे मघा, स्पायका म्हणजे चित्रा, आर्क्ट्युरस म्हणजे स्वाती, व्हेगा म्हणजे अभिजित, अल्टेअर म्हणजे श्रवण, फोमलहॉट म्हणजे मीनास्य. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टर कोणता आणि पोलक्स कोणता, यात अनुभवी माणसंही घोटाळतात. त्या जोडीपासून सुरुवातीला लांबच राहा.

दुसरा घोटाळा ग्रहांचा. संध्याकाळी सर्वांत ठळक दिसणारा ‘तारा’ पुष्कळदा शुक्र किंवा गुरू असतो. हँड कंट्रोलने व्याध मागितला आणि तुम्ही गुरू दाखवला, तर अलाइनमेंट होणारच नाही. आयपीसमध्ये लगेच कळतं: ग्रहाचं छोटं बिंब किंवा कला दिसते, तारा कितीही मोठा करून पाहिला तरी ठिपकाच राहतो.

तारे निवडताना क्षितिजालगतचे नकोत, तिथली हवा प्रकाश वाकवते. डोक्यावरचेही नकोत, कारण खमध्याजवळ जरा बाजूला सरकायचं तरी दुर्बिणीला दिशेत मोठा फेरा घ्यावा लागतो. 25 ते 65 अंश उंचीवरचे, वेगवेगळ्या दिशांना असलेले दोन तारे सर्वांत चांगले. दिशांमध्ये काटकोनाएवढा फरक मिळाला तर उत्तमच. उत्तर गोलार्धात असाल तर जानेवारीच्या संध्याकाळी मी व्याध आणि ब्रह्महृदय घेते, एप्रिल-मेमध्ये मघा आणि स्वाती, ऑक्टोबरमध्ये अभिजित आणि मीनास्य. अलाइनमेंट झाल्यावर लगेच मृगाच्या तेजोमेघाकडे धावू नका. आधी या दोघांहून वेगळा, स्वतःला ओळखता येणारा तिसरा तारा मागा. तो आयपीसमध्ये आला की पुढे निघा.

प्रश्न: फाइंडरमध्ये (मुख्य नळीवरच्या छोट्या शोधकात) तारा बरोबर मधोमध असतो आणि आयपीसमध्ये नुसता काळोख. सगळा वेळ शोधाशोधीतच जातो.

फाइंडर आणि मुख्य दुर्बीण दोन वेगळ्या दिशांना बघताहेत. हे काम रात्री करायचंच नाही. रात्री लक्ष्य सरकत असतं, स्क्रू दिसत नाहीत आणि मन वैतागलेलं असतं. दिवसा करा.

निदान एक किलोमीटर लांबचं, टोक असलेलं काहीतरी निवडा. मनोऱ्याचा शेंडा किंवा विजेच्या उंच खांबाचा आडवा दांडा चालेल. सूर्य पूर्ण पाठीमागे असला पाहिजे. दुर्बीण त्या दिशेला वळेपर्यंत मुख्य नळीचं आणि फाइंडरचं, दोन्ही झाकणं लावलेली ठेवा. मुलं जवळ असतील तर दुर्बिणीपासून एक क्षणही दूर जाऊ नका. दुर्बिणीतून सूर्य दिसला तर डोळा कायमचा जाऊ शकतो, यात कसलीही सवलत नाही.

आता 25 मिमीच्या आयपीसमधून तो शेंडा शोधा. प्रतिमा उलटी किंवा डावी-उजवी झालेली दिसेल, ते तसंच असतं. शेंडा मध्यावर आणा, 10 मिमीचा आयपीस लावा, पुन्हा मध्यावर आणा. मग दुर्बिणीला धक्का न लावता फाइंडरच्या स्क्रूंकडे वळा. एक स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा आणि मगच समोरचा तेवढाच आवळायचा. दोन्ही एकदम आवळले की फाइंडर जागचा हलत नाही, आटे मात्र खराब होतात. फुली किंवा लाल ठिपका शेंड्यावर बसला की आयपीसमध्ये परत एकदा डोकावून खात्री करा. रात्री एखाद्या ताऱ्यावर किरकोळ दुरुस्ती लागेल, तेवढीच.

फाइंडर जुळला तरी ‘मध्यावर’ म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न उरतोच आणि अलाइनमेंटचा खरा कस तिथे लागतो. 1250 मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला 25 मिमीचा आयपीस लावला की 50 पट मोठं दिसतं आणि आकाशाचा साधारण 1 अंशाचा गोल दिसतो, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा. त्यात तारा पाव अंश बाजूला असला तरी डोळ्याला तो मध्यावरच वाटतो. 10 मिमीने 125 पट दिसतं आणि तोच गोल 0.4 अंशावर येतो. तिथे लबाडी चालत नाही. म्हणून शोधायचं 25 ने, अलाइनचं बटण दाबायचं 10 लावून.

त्यातही मी फोकस मुद्दाम बिघडवते. नॉब फिरवत गेलं की ठिपका फुगून चकती होते. आरशाच्या दुर्बिणीत तिच्या मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली दिसते. चकती आयपीसचा बराचसा भाग भरेल एवढी वाढवा. मग चकतीची कड आणि आयपीसची कड यांच्यातली काळी पट्टी चारी बाजूंनी सारखी आहे का, हे डोळा पटकन सांगतो. नुसत्या ठिपक्याचा मध्य काढण्यापेक्षा हे किती तरी सोपं आणि अचूक.

शेवटचं सरकवणं नेहमी वरच्या आणि उजव्या बाणानेच संपवा. सेलेस्ट्रॉन आणि स्काय-वॉचर दोन्हींच्या पुस्तिका हेच सांगतात. गिअरच्या दातांमध्ये थोडी मोकळी जागा असते. दर वेळी एकाच बाजूने येऊन थांबलं की दात त्याच बाजूला टेकतात आणि ती चूक मोजमापात शिरत नाही. तारा ओलांडून पुढे गेलात तर मागे जा आणि पुन्हा वरच्या-उजव्या बाणानेच त्याच्यावर या.

प्रश्न: तिपाई पाणसळ लावून अगदी तंतोतंत सपाट करावी लागते का?

दोन ताऱ्यांच्या पद्धतीत नाही. बुडबुडा वर्तुळात आला की पुरे. तुमचा वेळ तिपाई घट्ट बसवण्यात घाला: पाय कमी लांब काढा, मधली तबकडी आवळा, खाली कडक जमीन बघा. एकाच वस्तूवर अलाइन करणार असाल तेव्हा मात्र सपाटी नीट साधा.

प्रश्न: सुरुवातीला सगळं छान चालतं. तासाभराने दुर्बीण आपोआप फिरायला लागते किंवा हँड कंट्रोल पुन्हा पहिल्या पानावर येतो.

वीज कमी पडते आहे. मोटर वेगाने फिरू लागली की उतरलेल्या बॅटऱ्यांचा दाब कोसळतो आणि हँड कंट्रोल नव्याने सुरू होतो. आतले सेल फक्त चाचणीपुरते समजा आणि पुस्तिकेत दिलेल्या क्षमतेचा 12 व्होल्टचा बाहेरचा पुरवठा घ्या. प्लगची मधली पिन धन आहे ना, हे जोडण्याआधी तपासा. वायर तिपाईभोवती गुंडाळली जाणार नाही इतकी मोकळी सोडा. प्लग अर्धवट निघाला तरी लक्षणं हीच दिसतात.

प्रश्न: माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. दुर्बीण सगळं स्वतः शोधते, मग तिने तारे ओळखायला शिकण्याची गरज आहे का?

आहे, आणि ती फार आनंदाने शिकेल. दुर्बीण बाहेर काढण्याआधी रोज एक तारा तिला नुसत्या डोळ्यांनी शोधू द्या. अलाइनमेंटचे दोन्ही तारे तिलाच निवडू द्या, बटणही तिलाच दाबू द्या. यंत्र चुकलं की ते तिलाच आधी कळेल, कारण स्वाती कुठे आहे हे तिला माहीत असेल.

प्रश्न: दुर्बीण एकाच जागी ठेवता येते. तरी रोज नव्याने अलाइन करावंच लागतं का?

मेनूमध्ये ‘हायबरनेट’ किंवा ‘पार्क’ शोधा. वीज बंद करण्याआधी ते निवडलं की अलाइनमेंट जपून ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी सुरू केल्यावर वेळ विचारली तर ती अचूक भरा. मधल्या काळात तिपाई तसूभरही हलता कामा नये आणि नळी हाताने फिरवायची नाही. झाकण घालताना धक्का लागल्याची शंका आली तर एक ओळखीचा तारा मागून बघा. तो 25 मिमीमध्ये दिसला पण मध्यावर नसला, तर तो मध्यावर आणून सिंक करा, म्हणजे ‘तो तारा इथे आहे’ असं यंत्राला सांगा, आणि पुढे चला. दिसलाच नाही, तर दोन तारे पुन्हा घ्या.