झोपेतही बीपी चढतो, मग भूल कसली?

भुलेबद्दल बोलायला येणाऱ्या बहुतेकांना एकच धास्ती असते, मध्येच जाग आली तर? साठीतल्या एका काकांचं तसं नव्हतं (तपशील थोडे बदलले आहेत). पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेलं, बीपी जुना. घशात श्वासाची नळी घालताना तो एकदम चढतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. "मॅडम, मी झोपलेलो असणार, मग चढेल कशाला? आणि चढला तर मला सांगताही येणार नाही!"

ऐकलेलं खरं होतं, म्हणून "तसं काही होत नाही" असं मी म्हटलं नाही.

भुलेने जाणीव जाते, पण शरीराच्या प्रतिक्षिप्त क्रिया तितक्या सहज शमत नाहीत. जिभेचं मूळ आणि स्वरयंत्राचा परिसर फार हळवा. नळीची वाट दिसावी म्हणून लॅरिंगोस्कोपने (घशात पाहण्याच्या उपकरणाने) तो भाग उचलला, की संदेश मेंदूत पोचतो, ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही ताणाची संप्रेरकं रक्तात उतरतात, नाडी आणि बीपी वाढतात. मिनिट-दोन मिनिटांत ही उसळी टोकाला जाते आणि साधारण ५ ते १० मिनिटांत ओसरते. निरोगी हृदयाला हे सोसतं. बीपीच्या रुग्णात उसळी मोठी असू शकते, म्हणून भूलतज्ज्ञ तिची तयारी आधीच करतात.

"मग गॅस वाढवायचा, संपलं," काका म्हणाले.

इथेच खरी गोम आहे. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भुलेचे वायू ही उसळी दाबतात, पण त्यासाठी नुसत्या झोपेला लागते त्याहून बरीच जास्त मात्रा लागते. तेवढी दिली, की नळी बसून घशातली ओढाताण थांबल्यावर बीपी खाली घसरतो, उतारवयात तर जास्तच. डेस्फ्लुरेन हा तसाच दुसरा वायू झपाट्याने वाढवला तर उलट तोच नाडी आणि बीपी चढवतो. म्हणून वायूच्या जोडीला फेंटानिलसारखं वेदनाशामक देतात, मग कमी वायूत काम भागतं. गरजेनुसार लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) किंवा एस्मोलोल (नाडी आणि बीपी आवरणारं औषध) हेही देतात. आणि सरावलेला हात नळी पटकन बसवतो, हेही औषधाइतकंच मोलाचं.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "गोळ्या मी बंद केल्यात. ऑपरेशनआधी करायच्या असतात ना?"

त्यात एक बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी आवरणारी गोळी होती. ती अचानक सोडली की नाडी आणि बीपी उसळतात, म्हणजे ज्याची भीती होती त्यालाच त्यांनी नकळत वाट करून दिली होती. मी त्यांना तडक भूलतज्ज्ञांकडे नेलं. बीटा-ब्लॉकर पुन्हा सुरू झाली आणि ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची ठरली. बीपीची दुसरी गोळी, टेल्मिसार्टन, मात्र त्या सकाळी वगळायला सांगितली, कारण तिच्यामुळे भुलेत बीपी फार उतरू शकतो. तारीख पुढे गेली. काका नाराज झाले, पण कोणती गोळी कधी घ्यायची हे त्यांनी भूलतज्ज्ञांकडून स्वतः लिहून घेतलं.