गाण्याआधीचं ते गाणं कापू नका

प्रश्न: माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, तलत महमूदचे जबरदस्त फॅन. त्यांच्यासाठी तसाच मऊ आवाज शोधता शोधता अमेरिकन गायक नॅट किंग कोलचं 'स्टारडस्ट' सापडलं आणि आम्हा दोघांनाही जाम आवडलं. पण सुरुवातीला तो वेगळंच काहीतरी गातो, मग खरं गाणं लागतं. बऱ्याच जणांच्या रेकॉर्डिंगमध्ये तो भागच नाही. बाबांच्या मोबाईलमध्ये टाकताना तेवढं कापलं तर चालेल का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर: नका कापू भाऊ, प्लीज! तो भाग गाण्यातलाच आहे आणि माझ्या मते अर्धा जीव तिथेच आहे. त्याला व्हर्स म्हणतात. आपल्याकडे गाण्याआधी ताल न धरता एखादा शेर म्हणतात ना, साधारण तसंच. जुन्या अमेरिकन गाण्यांचे व्हर्स गायक सर्रास सोडून देतात आणि बरेचदा ते खपूनही जातं, पण इथे नाही खपत.

कारण बघा, व्हर्समध्ये संध्याकाळ होतेय, तारे वर चढतायत, ती निघून गेलीय आणि जाताना कधी न मरणारं एक गाणं मागे ठेवून गेलीय. मग मुख्य भागात तो म्हणतो की एकट्या रात्री मी एका गाण्याची स्वप्नं बघत बसतो. आता व्हर्स उडवला तर कोणतं गाणं, कुठून आलं, काही पत्ताच लागत नाही. दुसरा अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राने तर १९६१ मध्ये नुसता व्हर्सच रेकॉर्ड केला, मुख्य भाग गायलाच नाही! तेही ऐका, पण मन भरतं ते कोलकडेच.

संगीतकार होगी कारमायकेलने ही चाल १९२७ मध्ये रेकॉर्ड केली तेव्हा तिला शब्दच नव्हते, ते मिचेल पॅरिशने १९२९ मध्ये लिहिले, त्यामुळे चाल वाद्याच्या अंगाने जाते, एकदम वर उडी, लगेच खाली, गाणाऱ्याची दमछाक होते. कोलचं रेकॉर्डिंग १९५७ च्या 'लव्ह इज द थिंग' अल्बममधलं. मागे गॉर्डन जेन्किन्सच्या वाद्यवृंदाची व्हायोलिनं भरून वाहतायत आणि हा माणूस आवाज कुठेच चढवत नाही, शब्दाचं शेवटचं अक्षरसुद्धा स्वच्छ ऐकू येतं. मूळचा जॅझ पियानोवाला ना तो, सुरावर अलगद येऊन बसतो. असं कानाशी गाणं मायक्रोफोनमुळेच जमलं, १९२५ च्या आसपास इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग आलं, त्याआधी रेकॉर्डिंगच्या भोंग्यात जोर लावून गावं लागायचं.

म्हणून बाबांना मोबाईलच्या स्पीकरवर ऐकवू नका, आणि कूलर चालू असताना तर नकोच नको, त्या घरघरीत व्हर्स पार बुडून जाईल. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं टाकता तेव्हा हेडफोन लावून द्या. आणि आवडलं तर त्याच अल्बममधलं 'व्हेन आय फॉल इन लव्ह' लगेच पुढे लावा, तलतवाल्यांना ते हमखास आवडतं.