पहिल्याच एकांकिका स्पर्धेत नंबर हुकला, तर...

खचू नकोस रे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आपल्या सांगलीत मराठी नाटक उभं केलं. त्यांच्या नावाचं गौरवपदक इथंच ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी देतात, तेही उभी हयात रंगभूमीला दिलेल्यांना.

आत्ता एवढंच पाळ:

- निकालानंतर परीक्षकांना गाठ, वही काढ. मला एकांनी सांगितलं, "वाक्याचा शेवट गिळतोस." मग महिनाभर मित्राला शेवटच्या रांगेत बसवून तालीम केली. ढालीपेक्षा ती सूचना जास्त कामी आली.
- गेल्या वर्षी जिंकलेल्या एकांकिकेची नक्कल नको. नवी पोरं हमखास इथंच फसतात.
- प्रवेश फी, टेम्पोभाडं आधी मोज.

बक्षिसामुळं पुढचे प्रयोग मिळतात, हे खरंय. प्रमाणपत्र जपून ठेव. पुढची तालीम कधी? मी येतो.