क्रेटचे दार आणि दातांच्या खुणा

‘आमचा कुत्रा क्रेट चावतो, तर याहून मजबूत क्रेट कोणता घ्यावा?’ श्वानवर्तनाची समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधीच पुढचे शब्द मला ठाऊक असतात. क्रेट म्हणजे कुत्र्याला आत ठेवण्याचा दार असलेला पिंजरा. मजबूत क्रेटचे नाव मी सुचवत नाही. आधी जुन्या क्रेटची छायाचित्रे मागते, कारण दातांच्या खुणा नेमक्या कुठे आहेत, यावरून निम्मे निदान होऊन जाते.

असेच एक दांपत्य माझ्याकडे आले होते. श्वान-निवाऱ्यातून दत्तक घेतलेली त्यांची कुत्री साधारण तीन वर्षांची होती. पहिला प्लास्टिकचा क्रेट तिने फोडला, दुसऱ्या लोखंडी क्रेटचे गज वाकवले आणि त्या खटाटोपात वरच्या सुळ्याचा टवका उडाला. छायाचित्रांत सगळ्या खुणा दारापाशी, कडीच्या आसपास एकवटलेल्या होत्या. आतले अंथरूण शाबूत होते, पण लाळेने भिजलेले. चावायला ठेवलेल्या खेळण्याला तिने तोंडही लावले नव्हते.

दात येण्याच्या वयातले, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांचे पिल्लू समोर येईल ते चावते. अंथरूण, ट्रेची कड, खेळणे, त्याला सगळे सारखेच असते. कंटाळलेला तरुण कुत्राही असाच वागतो, आणि त्याला पुरेसा व्यायाम, हुंगत हुंगत फिरण्याची मोकळीक आणि चघळायला काहीतरी चांगले मिळाले की तो बहुधा शांत होतो. मात्र खुणा फक्त दारावर असतील, सोबत लाळ आणि धाप असेल, तर तो प्राणी घाबरून सुटू पाहत आहे, असे मी धरून चालते. अशा कुत्र्याला अधिक भक्कम क्रेटमध्ये कोंडले, तर क्रेट टिकतो आणि दात व नखे तुटतात.

गृहस्थांना हे पटेना. ‘मॅडम, तिला चूक कळते. आम्ही आलो की मान खाली घालून बसते.’ मी त्यांना श्वानवर्तनाच्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाविषयी सांगितले. कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्याने खरोखर आगळीक केली की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असतो, असे त्यात दिसले होते. घरी आल्यावर केलेली शिक्षा तासाभरापूर्वीच्या चावण्याशी जोडणे कुत्र्याला शक्य नसते. तुमच्या परतण्याची धास्ती तेवढी तो शिकतो.

मग मी बाईंना विचारले, ‘रात्री ती कुठे झोपते?’

‘क्रेटमध्येच. स्वतःहून जाते.’

‘तेव्हा दार?’

‘उघडेच असते. लावले, तर आम्ही शेजारी बसलो असलो तरी धापा टाकते.’

हे बोलता बोलता त्या थांबल्या. यजमानांकडे पाहून हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे तिला क्रेट नको असे नाहीच.’

या वाक्यासाठीच मी थांबले होते. ते मी सांगितले असते, तर तो एक सल्ला ठरला असता. त्यांनी स्वतः म्हटल्यावर तो त्यांचा शोध झाला, आणि माणसे स्वतःच्या शोधावर चिकाटीने काम करतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. खात्रीसाठी मी एक प्रयोग सुचवला. एका खोलीतून धोकादायक वस्तू काढाव्यात, दाराशी लहान मुलांसाठी लावतात तसे आडवे फाटक लावावे, क्रेट आत उघडा ठेवावा, मोबाइलवर चित्रण सुरू करावे आणि वीस मिनिटे बाहेर जाऊन यावे. चित्रणात ती काही वेळ फाटकाशी उभी राहिलेली दिसते, मग एकदा सुस्कारा टाकून वळते आणि थेट क्रेटमध्ये जाऊन अंग मुडपून झोपते. ते पाहताना गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

कुत्रा हा गुहेत राहणारा प्राणी आहे, म्हणून त्याला क्रेट आवडतोच, असे सर्रास सांगितले जाते. लांडगे गुहा वापरतात ती मुख्यतः पिल्ले लहान असतानाचे काही आठवडे, आणि त्या गुहेला दार नसते. आडोशाची ओढ आणि कोंडले जाण्याची भीती एकाच कुत्र्यात सुखाने नांदू शकतात.

पुढचे काम भीती उतरवण्याचे होते. पशुवैद्यांकडून दाताची तपासणी आणि उपचार झाले, क्रेटचे दार दोरीने मागे बांधले गेले आणि सराव पूर्ण होईपर्यंत एकदाही कोंडायचे नाही, असे ठरले. जेवण क्रेटमध्ये, दार उघडे. काही दिवसांनी दार बोटभर हलवायचे, लगेच खाऊ द्यायचा आणि दार पुन्हा मागे न्यायचे. इथे क्रम फार महत्त्वाचा असतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचा, ठोका आधी आणि अन्न नंतर येई. आपणही खाऊ दाखवून दार लावले, तर कुत्रा खाऊलाच संशयाने पाहू लागतो. मग एक सेकंद बंद, तीन सेकंद, दहा, पुन्हा दोन. वेळ सतत वाढवत नेली की तेही त्याच्या ध्यानात येते. आवडीचा खाऊ त्याने नाकारला, तर आपण फार पुढे गेलो आहोत असे समजून मागे यावे. आत असताना गळ्यातला पट्टा काढावा, कारण तो गजांत अडकू शकतो.

‘ओरडत असताना दार उघडू नका, हट्ट वाढतो,’ हा सल्ला मला मान्य नाही. बाहेर खेळायला जायचे म्हणून केलेली भुंकाभुंक आणि घबराटीतली किंचाळी यांतला फरक घरच्यांना ऐकू येतो. घाबरलेल्याला बाहेर काढल्याने भीतीला बक्षीस मिळत नाही.

मध्येच घरी पाहुणे आल्यामुळे तिला एकदा तासभर कोंडले गेले, आणि जवळपास तीन आठवड्यांची मेहनत मागे गेली. बाई रडल्या. आम्ही पुन्हा बोटभर दारापासून सुरुवात केली.

प्रत्येक घरी निदान हेच निघेल असे नाही. दोन महिन्यांचे पिल्लू काही तास लघवी रोखू शकत नाही, म्हणून त्याची आरडाओरड बहुधा रास्त असते. मोकळ्या खोलीतही एकटे पडताच जो कुत्रा कासावीस होतो, त्याचा त्रास विरहाचा असतो. त्याला क्रेट हा उपाय नव्हे. तिथे काही सेकंदांपासून एकटेपणाचा सराव करावा लागतो आणि कधी कधी पशुवैद्यांच्या सल्ल्याने फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखे औषधही द्यावे लागते. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. औषध देणे म्हणजे हार मानणे, असे मी कुणालाही वाटू देत नाही.

सुमारे तीन महिन्यांनी ती दार लावून वीस मिनिटे निवांत पडू लागली. ‘आता चार तासांपर्यंत नेऊ या का?’ असे गृहस्थांनी विचारले. खोली आणि फाटक यांवर तिचे उत्तम चालले असताना त्याची गरज काय, असे मी विचारल्यावर त्यांनी विचार सोडून दिला. क्रेटचे दार आजही मागे बांधलेले असते. प्रवासापूर्वी किंवा दवाखान्यात जाण्यापूर्वीच्या सरावासाठीच ती दोरी सुटते.