यंत्र निवडण्याआधी नमुना तपासा : धातुकं आणि कोळसा धुलाईविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कोळशात सरासरी ३८ टक्के राख आहे. ग्राहकाला २८ टक्के हवी आहे. जिग (पाण्याच्या हिसक्यांनी जड-हलकं वेगळं करणारं यंत्र) घ्यावं की हेवी मिडियम सायक्लोन (मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाची भुकटी मिसळलेल्या जड पाण्यात, म्हणजे मिडियममध्ये, फिरवून जड-हलकं वेगळं करणारं यंत्र)?

या प्रश्नाचं उत्तर यंत्रांच्या माहितीपत्रकात मिळणार नाही, ते तुमच्या कोळशात आहे. आधी फ्लोट-सिंक (तरंगणं-बुडणं) चाचणी करा. ३८ टक्के राखेचे दोन कोळसे धुलाईत अगदी वेगळे वागू शकतात. एकात दगड सुटा असतो आणि पहिल्या झटक्यात वेगळा होतो. दुसऱ्यात माती कोळशाच्या कणाकणात भिनलेली असते. गोंडवाना काळातले बरेच कोळसे या दुसऱ्या जातीचे आहेत.

चाचणी अशी करा. नमुना चाळून आकारानुसार गट पाडा, उदाहरणार्थ ५० ते २५, २५ ते १३, १३ ते ६, ६ ते ३ आणि ३ ते ०.५ मिमी. ०.५ मिमीखालची भुकटी वेगळी ठेवा. तिची चाचणी वेगळी, आणि सहसा तिचं धुलाईचं यंत्रही वेगळं. मग १.३, १.४, १.५, १.६, १.७ आणि १.८ घनतेची द्रावणं तयार करा. झिंक क्लोराइडचं पाण्यातलं द्रावण या कामाला चालतं. ते कातडी भाजतं, त्यामुळे हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावू नका. बादलीच्या आत बसणारी, तळाला जाळी असलेली दुसरी बादली घ्या. कोळसा १.३ च्या द्रावणात घाला, हलक्या हाताने ढवळा, थांबा आणि तरंगलेला भाग झाऱ्याने काढून घ्या. बुडालेला भाग निथळून १.४ मध्ये टाका. असंच पुढे. प्रत्येक भाग पाण्याने नीट धुवा. कणाला चिकटलेलं झिंक क्लोराइड राखेत मोजलं गेलं तर सगळी मेहनत वाया जाते. मग वाळवा, वजन घ्या, राख काढा.

हाती आलेल्या तक्त्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, कोणत्या घनतेवर कापलं तर तिथवर तरंगलेल्या सगळ्या मालाची मिळून राख २८ टक्के येते. दुसरी, त्या घनतेच्या ०.१ वर आणि ०.१ खाली मिळून किती माल आहे. हा काठावरचा माल ७ टक्क्यांपर्यंत असेल तर धुलाई सोपी. १० च्या आत असेल तर चांगलं चालवलेलं जिग पुरतं. १० ते १५ म्हणजे अवघड, तिथे हेवी मिडियमच. २५ च्या वर गेला तर त्या आकारात तो कोळसा धुण्याचा आग्रह सोडा. तो आणखी बारीक फोडून चाचणी पुन्हा करा. फोडल्याने दगड सुटतो हे खरं, पण ०.५ मिमीखालची भुकटीही वाढते. त्यामुळे ५० मिमी आणि १३ मिमी अशा दोन्ही फोडींवर चाचणी करून मगच ठरवा.

आता हिशेब. कच्चा माल ३८, धुतलेला २८ आणि रिजेक्ट (फेकायचा दगडाळ माल) ६२ टक्के राखेचा आला, तर उतारा, म्हणजे कच्च्या मालातून मिळणारा धुतलेला माल, (६२ − ३८) ÷ (६२ − २८) म्हणजे ७०.६ टक्के. हा आकडा ऐकायला बरा वाटतो, पण रिजेक्टकडेही बघा. त्यातला ३८ टक्के भाग राख नाही. १०० टन कच्च्या मालात राख सोडून ६२ टन होते, त्यातले सुमारे ११ टन रिजेक्टबरोबर गेले. म्हणजे ज्वलनशील भागातला १८ टक्के वाटा फेकला गेला. धुतलेल्या कोळशाच्या राखेला तुम्ही कमाल मर्यादा घालता, तशीच रिजेक्टच्या राखेला किमान मर्यादाही ठरवा. मधल्या घनतेचा माल बराच असेल तर तो वेगळा काढून फोडा आणि पुन्हा धुवा. चाचणीच्या तक्त्यात हे सगळं आधीच दिसतं.

प्रश्न : हेवी मिडियम सायक्लोनचा घनतामापक दिवसभर १.५० दाखवतो, तरी धुतलेल्या कोळशाची राख दोन टक्क्यांनी वाढली आहे. कुठे बघायचं?

पहिल्यांदा मापकावर विश्वास ठेवणं थांबवा. एक लिटरचं भांडं मिडियमने काठोकाठ भरून तोला, १,५०० ग्रॅम यायला हवं. फरक निघाला तर मापकाच्या नळीत गाळ बसलाय किंवा हवा शिरली आहे.

वजन बरोबर आलं, तर पुढची शंका माती. हेच भांडं मोठ्या थाळीत ओता आणि हातातल्या चुंबकाने मॅग्नेटाइट ओढून घ्या. दोन्ही भाग वाळवून तोला. मिडियम शुद्ध असेल, तर एक लिटरमध्ये ५.० घनतेचं मॅग्नेटाइट ६२५ ग्रॅम निघतं, आणि त्याची जागा १२५ मिली. आता समजा निम्मा भार २.५ घनतेच्या मातीने उचलला आहे. मग मॅग्नेटाइट साधारण ३१२ ग्रॅम आणि माती ४१७ ग्रॅम. वजन तेच १,५०० ग्रॅम, पण घन भागाची जागा १२५ वरून जवळजवळ २३० मिलीवर गेली. मापकाला यात काही बिघडलेलं दिसत नाही. कणाला मात्र दिसतं, कारण मिडियम दाट झालं आहे आणि लहान कणांना त्यातून वर-खाली व्हायला वेळ पुरत नाही. म्हणून बिघाड आधी बारीक आकारात दिसतो. राख आकारानुसार काढून बघा.

माती आली कुठून? बहुतेक वेळा सायक्लोनच्या आधीच्या स्लाइम (मातीचा बारीक गाळ) काढणाऱ्या चाळणीतून. तिचे फवारे तुंबलेले असतात किंवा जाळी फाटलेली असते. ते दुरुस्त करा आणि मिडियमचा काही भाग सतत मॅग्नेटिक सेपरेटरकडे (मॅग्नेटाइट चुंबकाने परत मिळवणाऱ्या यंत्राकडे) वळवत राहा, म्हणजे माती वाहून जाईल. माती शून्यावर मात्र आणू नका. कमी घनतेच्या मिडियमला स्थिर राहायला थोडी माती उपयोगी पडते.

माती निर्दोष ठरली तर यांत्रिक भाग तपासा. पंपाचा दाब उतरला की फिरकीचा जोर कमी होतो. सायक्लोनच्या तोंडाशी किमान दाब त्याच्या व्यासाच्या ९ पट उंचीच्या मिडियमइतका असावा हा जुना नियम अजून कामाचा आहे. आतल्या व्होर्टेक्स फाइंडरला (धुतलेला कोळसा बाहेर नेणाऱ्या नळीला) भोक पडलं तर न वेगळा झालेला माल थेट धुतलेल्या कोळशात जातो. खालच्या स्पिगॉटच्या (दगड बाहेर पडण्याच्या तोंडाच्या) क्षमतेपेक्षा दगड जास्त आला तर उरलेला वरून बाहेर पडतो. खाणीतून अचानक दगडाळ माल आला की हेच होतं, आणि दोष उगाच मिडियमवर येतो.

प्रश्न : तांब्याच्या धातुकाची प्राप्ती (कच्च्या मालातल्या तांब्यापैकी हाती येणारा वाटा) वाढावी म्हणून दळण बारीक केलं. वीज वाढली, प्राप्ती उलट घटली. असं का?

दळायचं ते खनिज दगडातून सुटण्यापुरतं. त्यापुढचं दळण दुहेरी नुकसान करतं. विजेचं गणित दळणाची वीज काढणाऱ्या बाँडच्या सूत्राने बघा. धातुकाचा वर्क इंडेक्स (ते दळायला किती कठीण याचा आकडा) १४ आणि ८० टक्के दाणे ज्याखाली बसतात तो आकार १०,००० मायक्रॉनवरून १०० वर आणायचा, तर टनाला १२.६ युनिट लागतात. तेच ६४ मायक्रॉनवर न्यायचं म्हटलं की १६.१ युनिट. सूत्र याहून बारीक आकाराला लावू नका, तिथे प्रत्यक्ष वीज सूत्रापेक्षा जास्त लागते.

प्राप्ती घटण्याचं कारण फेनतरणात (खनिज बुडबुड्यांना चिकटवून फेसात वर काढण्याच्या पद्धतीत) आहे. १० मायक्रॉनखालचा कण इतका हलका की तो बुडबुड्याला धडकतच नाही, पाण्याच्या प्रवाहाबरोबर बाजूने निघून जातो. वर मातीचे सूक्ष्म कण खनिजावर बसतात आणि कलेक्टर (खनिजाला बुडबुड्याशी चिकटवणारं रसायन) त्याच्यापर्यंत पोचत नाही. बॉल मिलला (गोळ्यांच्या दळणयंत्राला) हायड्रोसायक्लोन (जाड-बारीक कण वेगळे करणारं यंत्र) जोडलेला असेल तर आणखी एक फास असतो. चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाची घनता ४.२, क्वार्ट्झची २.६५. सुटलेला चाल्कोपायराइटचा कणसुद्धा वजनामुळे खालून बाहेर येतो आणि पुन्हा मिलमध्ये जातो. ज्याला अजून दळायची गरज नाही, तोच सगळ्यात जास्त दळला जातो.

टेलिंगचा (फेनतरणानंतर फेकल्या जाणाऱ्या मालाचा) नमुना आकारानुसार चाळा, प्रत्येक भागातलं तांबं काढा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जाड भागात खनिज दगडाला चिकटलेलं दिसलं तर आणखी दळायला हवं. तांबं बारीक भागात आणि सुटं असेल तर दळण जाड करा. मग फक्त रफर कॉन्सन्ट्रेट (फेनतरणाच्या पहिल्या फेरीत निघालेला माल) पुन्हा दळा. तो भाग एकूण मालाचा लहान हिस्सा असतो, त्यामुळे वीजही कमी लागते.

प्राप्ती मोजताना ग्रेडच्या (तांब्याच्या टक्केवारीच्या) आकड्यांवर डोळा ठेवा. कच्च्या मालात १.० टक्का तांबं, कॉन्सन्ट्रेटमध्ये २५ आणि टेलिंगमध्ये ०.१० असेल तर प्राप्ती ९०.४ टक्के. टेलिंग ०.१४ झालं की ती ८६.५ वर येते. टेलिंगमध्ये ०.०४ चा फरक म्हणजे चार टक्के तांबं. टेलिंगचा नमुना बादली बुडवून घेतला तर हा फरक नमुन्याच्या चुकीत हरवून जातो. पूर्ण प्रवाह आडवा कापणारा सॅम्पलर बसवा, आणि त्याची फट सर्वात मोठ्या कणाच्या किमान तिप्पट आणि १० मिमीहून कमी नको.

प्रश्न : आमच्या लोहखनिजात हेमॅटाइट आहे. साध्या ड्रम मॅग्नेटिक सेपरेटरवर काहीच अडकत नाही.

नाहीच अडकणार. साधा ड्रम मॅग्नेटाइटसाठी असतो, त्याचं क्षेत्र साधारण ०.१ टेस्ला. हेमॅटाइटचं चुंबकत्व इतकं क्षीण की त्याला १ टेस्लाच्या आसपासचं ओलं उच्च-तीव्रता यंत्र लागतं. त्या यंत्राआधी साध्या ड्रमवरून मॅग्नेटाइट काढून घ्या, नाहीतर ते आतल्या खाचांत बसून वाट बुजवतं. आणि नको असलेली ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) गोथाइट या लोहखनिजाच्या स्फटिकातच असेल, तर कोणत्याही धुण्याने ती जात नाही. यंत्र मागवण्याआधी खनिजशास्त्रीय तपासणी करून ॲल्युमिना कुठे बसली आहे ते जाणून घ्या.

प्रश्न : थिकनरचं (गाळ खाली बसवून पाणी निवळणाऱ्या टाकीचं) वरचं पाणी गढूळ येतं. फ्लॉक्युलंट (गाळाचे कण एकत्र बांधणारं पॉलिमर) दुप्पट केलं तरी फरक नाही.

मात्रेच्या आधी द्रावण बघा. पावडर साठलेल्या पाण्यात भसाभस ओतली की बाहेरून ओल्या, आतून कोरड्या अशा माशाच्या डोळ्यासारख्या गुठळ्या होतात. त्यातलं बरंचसं पॉलिमर कधी विरघळतच नाही. पाण्यात आधी भोवरा तयार करा, पावडर त्याच्या कडेवर सावकाश शिंपडा. १,००० लिटर पाण्याला २.५ किलो. मग मंद ढवळत तास-दोन तास मुरू द्या. एक थेंब बोटांत धरून ताणा, तार लांब खेचली गेली की द्रावण तयार.

हे द्रावण सेंट्रिफ्युगल पंपाने ढकलू नका, पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात. सावकाश फिरणारा स्क्रू पंप वापरा. थिकनरच्या आधी दहापट पातळ करा आणि फीडवेलच्या (माल थिकनरमध्ये शिरतो त्या भागाच्या) वाटेवर दोन-तीन ठिकाणी विभागून सोडा. तासाला ५० टन घन भाग आणि टनाला २० ग्रॅम मात्रा धरली तर तासाला १ किलो पॉलिमर, म्हणजे ४०० लिटर मूळ द्रावण.

हे सगळं ठीक असूनही पाणी गढूळच असेल, तर तीन काचेच्या सिलिंडरमध्ये फीड (थिकनरमध्ये येणारं गढूळ पाणी) घ्या. एकात नेहमीची मात्रा, एकात निम्मी, एकात आधी थोडा चुना आणि मग नेहमीची मात्रा. सिलिंडर उलटा-सुलटा करून मातीची रेघ किती मिनिटांत किती खाली येते ते लिहा. चुन्याच्या सिलिंडरमध्ये पाणी निवळलं तर अडचण मातीच्या विद्युतभाराची आहे आणि फ्लॉक्युलंट वाढवून ती सुटणार नाही. निम्म्या मात्रेचा सिलिंडर जास्त स्वच्छ निघाला तर तुम्ही आधीपासूनच जास्त घालत होता.

प्रश्न : धुतलेल्या कोळशाची राख उतरली, पण बॉयलरवाले उष्णता कमी आल्याची तक्रार करतात.

ओलावा तपासा. एक किलो पाणी वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल खर्च होतात, शिवाय जितकं पाणी तितका कोळसा कमी. जाड कोळसा व्हायब्रेटिंग सेंट्रिफ्यूजमधून बराच कोरडा निघतो. ओलावा भुकटीत असतो, कारण लहान कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा आणि पाणी पृष्ठभागाला धरून राहतं. फिल्टर केक (भुकटीचं पाणी गाळून उरलेला थर) किती टक्के मिसळता आणि त्याचा ओलावा किती, हे दर पाळीत लिहा. तक्रार आलेल्या दिवसांशी तो आकडा जुळतो का ते बघा. जुळला तर धुलाईला हात लावू नका, फिल्टरचं कापड, व्हॅक्यूम आणि केकची जाडी तपासा.