'अपरोक्ष' म्हणजे पाठीमागे नव्हे

एका ध्यानवर्गाच्या पत्रकात 'ध्यानाने अपरोक्ष ज्ञान होते' असे वाक्य आहे. हे ज्ञान साधकाच्या नकळत होते काय, असे एका वाचकाने विचारले आहे. दोष वाचकाचा नाही. 'माझ्या अपरोक्ष निर्णय घेतला' हे वाक्य बातम्यांपासून संस्थांच्या इतिवृत्तांपर्यंत सर्वत्र भेटते आणि ते नेमके उलटे आहे. पाठीमागे घडते ते परोक्ष. अपरोक्ष म्हणजे समक्ष. 'अनुपस्थित', 'असमक्ष' यांच्या ओढीने हा 'अ' चिकटला असावा, असा माझा तर्क आहे. 'घोर'पेक्षा 'अघोरी' अधिक भयंकर मानणाऱ्या भाषेत तसे होणे अशक्य नाही. रूढीकडे बोट दाखवून दोन्ही अर्थ ग्राह्य धरणाऱ्यांनी मात्र वाचकाची सोय केली की पंचाईत, हे वरच्या प्रश्नावरून दिसतेच.

'परोक्ष' म्हणजे परस् अधिक अक्ष, इंद्रियांच्या पलीकडचे. ('पर' अधिक 'अक्ष' अशी सरळ फोड करणाऱ्यांनी 'पराक्ष' का झाले नाही, ते सांगावे.) पाणिनीने 'परोक्षे लिट्' या सूत्राने, बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी क्रियापदाचे वेगळे रूपच नेमून दिले. परोक्ष नेमके कशाला म्हणावे, याविषयी पतंजलीने महाभाष्यात निरनिराळी मते नोंदवली आहेत: कोणी म्हणतो शंभर वर्षांपूर्वीचे, कोणी म्हणतो भिंतीआड किंवा चटईआड घडलेले, तर कोणाला दोन-तीन दिवसांपूर्वीचेही पुरते. पण बहार आहे ती शाकटायनाच्या गोष्टीत. हा वैयाकरण रथमार्गावर चांगला जागा बसलेला असताना समोरून गाड्यांचा तांडा निघून गेला आणि त्याला तो जाणवलाच नाही. कारण इंद्रियांना मनाची जोड असेल तरच ज्ञान होते. म्हणजे भिंत नसतानाही, उघड्या डोळ्यांदेखत, वस्तू परोक्ष राहू शकते. व्याकरणाच्या एका सूत्राने आकलनाची मर्यादा इतकी अचूक पकडावी, याचे मला अजून नवल वाटते.

हाच शब्द बृहदारण्यक उपनिषदात उलट्या टोकाने येतो. जे साक्षात्, अपरोक्ष ब्रह्म आहे ते मला सांग, असे उषस्त चाक्रायण याज्ञवल्क्याला म्हणतो, आणि दृष्टीच्या द्रष्ट्याला तू पाहू शकणार नाहीस, असे उत्तर त्याला मिळते. जो पाहतो तो दृश्य होत नाही, पण तो दूरही नसतो. विद्यारण्यांनी 'पंचदशी' या वेदान्तग्रंथात परोक्ष-अपरोक्ष हा भेद नदी उतरलेल्या दहा जणांच्या कथेने सोडवला. मोजणारा स्वतःला वगळतो आणि दहावा बुडाला म्हणून रडतो. 'दहावा आहे' हे ऐकून झालेले ज्ञान परोक्ष, 'दहावा तूच' हे कळणे अपरोक्ष.

आता पत्रकातील 'ध्यानाने'. अद्वैत वेदान्तात याविषयी दोन पंथ आहेत. वाचस्पतिमिश्रांच्या भामती मतानुसार ध्यानाने संस्कारित झालेले मन हे या अपरोक्ष ज्ञानाचे साधन होय. दुसरे, विवरणपंथीय, म्हणतात की 'तत्त्वमसि'सारख्या उपनिषदांतील महावाक्याचा शब्दच ते ज्ञान देतो, ध्यान केवळ आड येणारे दूर करते. पत्रक लिहिणाऱ्याला हा जुना वाद ठाऊक असो वा नसो, एका तृतीया विभक्तीने त्याने भामतीचा पक्ष घेतलेला आहे.